पिरॅमिड म्हणजे स्तूप नव्हे : इजिप्त, ग्रीक आणि आपले तेर

गेल्या वर्षावासात माजलगावच्या आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर आलेला मजकूर उभे राहून वाचून दाखवला. इजिप्तचे पिरॅमिड मुळात बौद्ध स्तूप होते, ग्रीकांना सगळे ज्ञान बुद्धाने दिले आणि हा इतिहास मनुवाद्यांनी दडपून टाकला, असा एकूण आशय. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोला, आम्हीही वाजवल्या. मागच्या सतरंजीवर बसलेल्या, बारावीला असलेल्या एका मुलीने मात्र हात वर केला. "दादा, पिरॅमिड कधी बांधले? आणि तथागत कधी जन्मले?"

खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. झालेले आम्हीसुद्धा त्या वेळी गप्प बसलो. घरी येऊन पाहिले. गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजासाठी बांधला गेला तो इ.स.पू. २५५० च्या आसपास. बुद्धजन्माचे वर्ष आपण इ.स.पू. ५६३ धरतो. मध्ये दोन हजार वर्षांचे अंतर आहे. आपण ज्याला पूर्वजांचा पराक्रम म्हणून टाळ्या वाजवल्या, तो साध्या वजाबाकीत कोसळला.

मित्रांनो, हा लेख त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. कारण इजिप्त, ग्रीक आणि बौद्ध धम्म यांचा संबंध खरोखरच आहे. त्याचे पुरावे आपल्या मराठवाड्याच्या मातीत आहेत, आणि ते त्या मोबाईलवरच्या मजकुरापेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे आहेत. पण त्यासाठी आधी इजिप्तकडून ग्रीकांनी काय घेतले, हे नीट समजून घ्यावे लागेल.

आपल्याला शाळेपासून शिकवले जाते की तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, शिल्पकला या सगळ्यांचा उगम ग्रीसमध्ये झाला. खुद्द ग्रीकांना असे वाटत नव्हते. हेरोडोटस हा त्यांचा पहिला मोठा इतिहासकार. इ.स.पू. पाचव्या शतकात त्याने इजिप्तची माहिती गोळा करून आपल्या ग्रंथाचा दुसरा भाग जवळजवळ पूर्णपणे त्या देशाला वाहिला. ग्रीक देवतांची बहुतेक नावे इजिप्तमधून आली, असे तो सांगतो. वर्षाचे बारा भाग पहिल्यांदा इजिप्शियनांनी केले आणि त्यांची कालगणना ग्रीकांपेक्षा सरस आहे, असे तो लिहितो. त्याचा प्रत्येक शब्द खरा ठरलेला नाही, देवतांच्या नावांबाबत तर तो बहुतांशी चुकलेलाच आहे. पण ग्रीक माणूस ग्रीक वाचकांसमोर उभा राहून 'हे आपले नव्हे, आपण हे तिकडून शिकलो' असे सांगतो आहे, याला महत्त्व आहे. प्लेटोच्या 'टिमायस' या संवादात तर इजिप्तमधल्या सईस गावचा वृद्ध पुरोहित सोलोनसारख्या अथेन्सच्या थोर कायदेकर्त्याला, तुम्ही ग्रीक अजून पोरेच आहात, अशा अर्थाचे सुनावतो. स्वतःच्या ग्रंथात स्वतःच्या समाजाबद्दल असे लिहायला मोकळे मन लागते.

भूमितीचेच घ्या. नाईलला पूर आला की कोणाच्या शेताचा तुकडा वाहून जाई. मग राजाची माणसे येऊन उरलेली जमीन मोजत आणि त्या प्रमाणात सारा कमी होई. यातूनच भूमिती जन्मली आणि मग ग्रीसमध्ये गेली, असे हेरोडोटस म्हणतो. ग्रीक शब्दाचा अर्थही 'जमिनीची मोजणी' असाच आहे, आणि आपला 'भूमिती' हा शब्द त्याच घडणीचा आहे. सिंदफणेवरच्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या आपल्या भागातल्या लोकांना मोजणी म्हणजे काय आणि ती कोणाच्या हातात असते, हे वेगळे सांगायला नको.

इजिप्शियन गणित किती पुढे होते, याचा लेखी पुरावा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 'ऱ्हाइंड पपायरस' नावाने ओळखली जाणारी ही गुंडाळी अहमोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५० च्या सुमारास, त्याहून जुन्या प्रतीवरून उतरवली. त्यात वर्तुळाचे क्षेत्रफळ काढायची रीत आहे : व्यासातून त्याचा नववा भाग वजा करा आणि उरलेल्याचा वर्ग करा. व्यास ९ असेल तर उत्तर येते ८ गुणिले ८, म्हणजे ६४. आजच्या सूत्राने ते ६३.६ येते. पायथागोरस जन्मायच्या हजार वर्षे आधीचा हा हिशोब आहे. आणि तो लिहिणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे, हे विशेष. मजूर आणि कारागीर यांची नावे इतिहासात सहसा उरत नाहीत.

शिल्पकलेत तर डोळ्यांनी दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इ.स.पू. ५९० च्या आसपासचा एका ग्रीक तरुणाचा संगमरवरी पुतळा आहे. डावा पाय पुढे, हात दोन्ही बाजूंना सरळ, मुठी मिटलेल्या, नजर समोर. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षे पुतळे याच पवित्र्यात उभे राहत होते. हे शिक्षण ग्रीकांना कसे मिळाले तेही माहीत आहे. इ.स.पू. सातव्या शतकात पहिल्या सामेतिक राजाने ग्रीक सैनिक भाड्याने आणले. पुढे नाईलच्या मुखाजवळ नौक्रातिस हे ग्रीक व्यापाऱ्यांचे शहर उभे राहिले. पोटासाठी परमुलखात गेलेली माणसे डोळे उघडे ठेवून परत आली, इतकी ही साधी गोष्ट आहे. मात्र ग्रीक शिल्पकाराने पाठीमागचा दगडी आधार काढून टाकला, पाय मोकळे केले आणि शंभर-दीडशे वर्षांत त्या पुतळ्याला चालायला लावले. गणितातही तसेच. इजिप्शियनांकडे रीत होती. ती का खरी आहे याची सिद्धता मांडायची शिस्त ग्रीकांनी लावली. आणि त्या शिस्तीचा सर्वात मोठा ग्रंथ लिहिणारा युक्लिड कुठे होता? इजिप्तमध्येच, अलेक्झांड्रियाला.

मग ही कबुली गेली कुठे? ग्रीकांनी दोन हजार वर्षांपूर्वी मान्य केलेले ऋण पाठ्यपुस्तकांतून कोणी पुसले? इंग्लंडमध्ये जन्मलेला अभ्यासक मार्टिन बर्नाल याने १९८७ साली 'ब्लॅक अथेना' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात यावर बोट ठेवले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोप आफ्रिकेतली माणसे गुलाम म्हणून विकत होता, आशिया-आफ्रिकेवर राज्य करत होता. अशा वेळी आपल्या संस्कृतीची आई आफ्रिकेच्या काठावर सापडणे त्याला परवडणारे नव्हते. हेगेलसारख्या तत्त्वज्ञाने आफ्रिकेला इतिहासच नाही असे सांगितले आणि इजिप्तला आफ्रिकेतून वेगळे काढले. प्राचीनांचे म्हणणे बाजूला सारून विद्वानांनी नवी मांडणी केली, तिला बर्नाल 'आर्यन मॉडेल' म्हणतो. उत्तरेकडून गोरे आर्य आले आणि त्यांनी ग्रीस घडवला, अशी ती मांडणी.

'आर्य' शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, ते साहजिक आहे. हीच कल्पना आपल्याकडच्या उच्चवर्णीयांनीही हौसेने उचलली. १९०३ साली टिळकांनी वेदांचे मूळ थेट उत्तर ध्रुवाकडे नेले. राज्यकर्त्या गोऱ्यांशी भाऊबंदकी सांगायची ही सोय होती. बाबासाहेबांनी मात्र १९४६ च्या 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धान्त पुराव्यांनिशी नाकारला. आमच्यातले काहीजण आजही भाषणात रक्त, वंश, डीएनए यांची भाषा वापरतात, त्यांनी ते प्रकरण एकदा तरी काढून वाचावे.

बर्नालचेही सगळे टिकले नाही. त्याने दिलेल्या शब्दांच्या व्युत्पत्ती बहुतेक भाषाशास्त्रज्ञांनी फेटाळल्या. त्याच्या आधी १९५४ मध्ये जॉर्ज जेम्स या कृष्णवर्णीय लेखकाने 'स्टोलन लेगसी' या पुस्तकात ॲरिस्टॉटलने अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातून ज्ञान चोरले असे लिहिले होते. ते ग्रंथालय ॲरिस्टॉटलच्या मृत्यूनंतर स्थापन झाले! विरोधकांनी या एका चुकीवरून सगळ्या चळवळीची टिंगल केली. वंचित समाजाने इतिहास लिहिताना चूक केली तर तिची किंमत दुप्पट मोजावी लागते; प्रस्थापिताची चूक 'मतभेद' म्हणून खपून जाते. हे अन्यायाचे आहे, पण असेच आहे.

कृष्णवर्णीयांचा हा लढा आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती, आणि द्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. पुढच्याच वर्षी 'द वर्ल्ड अँड आफ्रिका' या ग्रंथात द्यू बॉइस यांनी इजिप्त आफ्रिकेचाच कसा, हे मांडले. प्रश्न एकच होता : ज्यांना माणूस मानले नाही, त्यांच्या पूर्वजांनी जगाला काही दिले हे कबूल करायचे की नाही?

पण म्हणून इजिप्तची आरती करायचीही गरज नाही. तिथे राजा देव होता, पुरोहितांच्या ताब्यात प्रचंड जमिनी होत्या आणि मजुराचे जिणे मजुराचेच होते. हेरोडोटस इजिप्तमध्ये सात वर्ग असल्याचे सांगतो आणि योद्ध्यांचा धंदा बापाकडून मुलाकडे जातो असे लिहितो. गंमत अशी की काही ग्रीकांना इजिप्तची नेमकी हीच गोष्ट भावली. आयसोक्रेटिसने 'बुसिरिस' या भाषणात प्रत्येकाने एकाच धंद्याला चिकटून राहायच्या इजिप्शियन पद्धतीची स्तुती केली. प्लेटोच्या 'टिमायस'मधला पुरोहितही तिथल्या वर्गविभागणीचे वर्णन मोठ्या अभिमानाने करतो. आणि प्लेटोच्या आदर्श राज्यातले तीन वर्ग आठवा. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब प्लेटोच्या याच वर्गवारीला हात घालतात : प्रत्येक माणूस स्वतंत्र असतो, त्याला तीन खणांत कोंबता येत नाही, हे प्लेटोला दिसले नाही, असा त्यांचा आक्षेप. चातुर्वर्ण्यावरही तोच आक्षेप लागू. एखाद्या संस्कृतीचा प्रभाव पडला एवढे सांगून भागत नाही. त्यातले काय उचलले आणि कोणाच्या सोयीसाठी, हेही विचारावे लागते.

आता तेरकडे येऊ.

इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लेखकाचे नाव टिकलेले नाही. भाषा ग्रीक, पण हिंदुस्थानाकडे गलबत कधी सोडायचे हे सांगताना तो रोमन महिन्यासोबत इजिप्शियन महिन्याचे नाव देतो : जुलै, म्हणजे एपिफी. हेरोडोटसने ज्या कालगणनेचे कौतुक केले, ती पाचशे वर्षांनंतर ग्रीक माणसाच्या रोजच्या व्यवहारात अशी मुरलेली होती. त्याच महिन्याच्या हिशोबाने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर गलबते आपल्या किनाऱ्याला लागत. स्ट्रॅबो सांगतो की, तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून वर्षाला १२० गलबते हिंदुस्थानाकडे निघत.

हा व्यापारी लिहितो की, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर आहे. पैठणहून अकीकासारखा दगड, तर तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाते. हे तगर कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची भांडणे झाली. ग्रँट डफने ते बीडजवळ गोदाकाठी शोधले. रा. गो. भांडारकरांना ते आपले शेजारचे धारूर वाटले. शेवटी १९०१ मध्ये फ्लीटने दाखवून दिले की तगर म्हणजे तेर, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले, गोरोबा काकांचे तेर. धारूरचा मान हुकला, पण नकाशावर पैठणहून तेरला सरळ रेघ ओढली तर ती बीड शहराजवळूनच जाते. रोमन बायकांच्या अंगावरच्या मलमलीच्या गाड्या आपल्या शिवारांतून गेल्या आहेत. त्या कापडाचे विणकर कोण होते, सूत कातणाऱ्या बाया कोण होत्या, हे पेरिप्लस सांगत नाही. रोमचा प्लिनी मात्र हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो म्हणून कुरकुरतो.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तसाच नमुना मिळाला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, ज्याच्या रहिवाशांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख आहेत. तेरमध्ये उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. आणि गावातले त्रिविक्रमाचे जे देऊळ आहे, त्याची मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठाकार, बांधणी विटांची. हेन्री कझेन्स या पुरातत्त्वज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे सांगितले. देवळात जाणाऱ्याला हे सांगणारी पाटी आम्ही गेलो तेव्हा आम्हाला दिसली नाही.

व्यापाऱ्यांबरोबर माल आला तशी माणसेही आली, राहिली आणि धम्माला शरण गेली. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवरचे लेख वाचा. धेनुकाकट गावच्या यवनांनी खांब दान दिल्याचे अनेक लेख तिथे आहेत. एकाचे नाव सिंहध्यय, एक धम्म यवन. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी खोदवल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. हे सगळे थेट ग्रीसहून आले असे समजू नका. 'यवन' शब्दात वायव्येकडचे ग्रीकही येतात आणि समुद्रावरून आलेलेही. नाशिकच्या १७ व्या लेण्यातला दाता तर आपला पत्ताच देतो : उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. आपला मुलगा धम्मरक्षित याच्यासह त्याने आईवडिलांच्या पुण्यासाठी लेणे, चैत्यगृह आणि पोढी खोदवून चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिल्या. आजोबा धम्मदेव, नातू धम्मरक्षित. एका परक्या कुटुंबाच्या तीन पिढ्या एका दगडावर.

आता त्याच डोंगरावर तिसऱ्या लेण्यात जा. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे गुण सांगताना ती म्हणते की, त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला. तेही लेणे भिक्षूंनाच दिलेले आहे, हे विसरू नका. इतिहास आपल्या सोयीने सरळ चालत नाही. पण दोन लेख समोरासमोर ठेवा. एकीकडे वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान, दुसरीकडे संघाच्या भिंतीवर सन्मानाने कोरलेले यवनाचे नाव. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात (४३-४४) यवनांना संस्कार सोडल्यामुळे वृषल, म्हणजे शूद्रवत झालेले क्षत्रिय ठरवले आहे. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध याच यवनांचा दाखला उलट बाजूने देतात. वर्ण ब्रह्मदेवाने निर्मिले म्हणणाऱ्या तरुण ब्राह्मणाला ते विचारतात : योन आणि कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण असतात, आणि मालकाचा दास, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले नाहीस का? चातुर्वर्ण्य जगभर नाही, म्हणजे ते निसर्गाचे नाही. तुलनात्मक समाजशास्त्राचा याहून जुना तास आम्हाला तरी माहीत नाही.

त्याच लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. लेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे. युरोपने इजिप्तच्या बाबतीत जे केले, ते इथे एका नावाने झाले.

आणि घेतलेले नाकारण्याचा आणखी एक नमुना पाहा. मुहूर्त काढणारे ज्योतिषी 'होरा' सांगतात आणि त्याला वैदिक विद्या म्हणतात. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग इजिप्शियनांनी केले. ग्रीकांनी ती पद्धत उचलली, त्या भागाला 'होरा' हा ग्रीक शब्द लावला आणि यवनांबरोबर तो इकडे आला. सोमवार, मंगळवार हा वारांचा क्रमही ग्रहांच्या होऱ्यांवरून बसवलेला आहे. पत्रिकेतले 'केंद्र' ग्रीक आहे. आपण ज्याच्याशी भांडतो त्या केंद्र सरकारातलेही तेच. 'दाम' हा ग्रीक 'द्राख्मा' या नाण्यावरून आला. सहाव्या शतकातला वराहमिहिर प्रामाणिक होता. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट प्रस्थापित आहे, म्हणून ते ऋषींसारखे पूज्य आहेत, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे नाव घेणाऱ्या आजच्या ज्योतिष्यांपैकी कितीजण हे सांगतात?

घेणे आपल्या बाजूनेही झाले. गांधार शैलीतल्या बुद्धमूर्तीच्या चीवराच्या चुण्या ग्रीक शिल्पातल्या आहेत. ते मान्य केल्याने बुद्ध लहान होत नाहीत.

उलट्या दिशेचा पुरावा सर्वात अलीकडचा आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धम्मविजयाच्या यादीत 'तुलमय' हे नाव आहे. तो इजिप्तचा ग्रीक राजा दुसरा टॉलेमी. सम्राटाने दूत पाठवले हे आपण नेहमी सांगतो, पण इजिप्तमध्ये बुद्ध पोचल्याची वस्तू दाखवा म्हटले की अडत होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये ती जाहीर झाली. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या जुन्या बंदरात, इसिस देवीच्या मंदिरात, अमेरिकन आणि पोलिश पुरातत्त्वज्ञांना बुद्धांची ७१ सेंटिमीटर उंचीची मूर्ती मिळाली. काळ अंदाजे इ.स. दुसरे शतक. संगमरवर आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा, डोक्यामागे सूर्यकिरणांचे वलय, बाजूला कमळ. ती बहुधा अलेक्झांड्रियात घडवली गेली असावी. त्याच जागी तिसऱ्या शतकातला एक संस्कृत लेख मिळाला आणि सातवाहनांची दोन नाणीही. पैठणच्या सातवाहनांची! इजिप्शियन देवीचे मंदिर, ग्रीक-रोमन हातांची कारागिरी, मूर्ती तथागतांची आणि नाणी आपल्या गोदाकाठच्या राजांची. कोणाला पिरॅमिडचा स्तूप करायची गरज आहे?

हे लिहिताना आमच्याच एका आवडत्या समजुतीला कात्री लावावी लागली. महावंसात लिहिले आहे की, अलसंदाहून तीस हजार भिक्षू घेऊन योन महाधम्मरक्खित श्रीलंकेला आले, आणि मिलिंदपञ्हात मिलिंद राजाही अलसंदातलाच म्हटला आहे. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया, म्हणजे इजिप्त, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. पण सिकंदराने त्या नावाची बरीच शहरे वसवली होती, आणि बहुतेक अभ्यासक हे अलसंद काबूलजवळचे मानतात. मिलिंद, म्हणजे मिनँडर, तिकडचाच ग्रीक राजा. यापुढे आम्ही इजिप्तचे नाव त्यात घेणार नाही. मिलिंद ग्रीक होता, त्याने भन्ते नागसेनांना प्रश्न विचारले आणि बाबासाहेबांनी औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे त्याचे नाव मिळाले, एवढे खरे आहे आणि पुरेसे आहे. माजलगाव, केज, धारूरची कितीतरी मुले नागसेनवनात शिकून आली. 'मिलिंद' हे प्रश्न विचारणाऱ्या एका परदेशी माणसाचे नाव आहे, हे त्यातल्या अनेकांना ठाऊक नसते.

दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासवर्ग तेरला जाणार आहे. माजलगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, सकाळच्या एसटीने निघून रात्री परत येता येते. आधी संग्रहालय, मग त्रिविक्रम. जायच्या आधी धम्मलिपीची अक्षरे सगळ्यांनी गिरवून यायची आहेत; ती शिकवण्याचे काम आम्ही त्या बारावीच्या मुलीकडे सोपवले आहे. डबा आपापला आणावा.